जॉन पोस्टेल

जोनाथन ब्रूस पोस्टेल ऊर्फ जॉन पोस्टेल (जन्म : ६ ऑगस्ट १९४३, आल्टाडेना, कॅलिफोर्निया, मृत्यू : १६ ऑक्टोबर १९९८, लॉस एंजेलिस) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ होते. इंटरनेटवरील ई-मेल एका संगणकाकडून दुसऱ्याकडे कसा पोहोचवावा, याचे नियम ठरविणाऱ्या एसएमटीपी या प्रोटोकॉलचे ते लेखक होत. इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांचे, म्हणजे आरएफसींचे, त्यांनी जवळजवळ तीन दशके संपादन केले. इंटरनेटवरील क्रमांकांची व नावांची नोंदवहीही त्यांनी जन्मभर सांभाळली. भारताचे डॉट इन हे क्षेत्रनाम १९८९ साली जुहू येथील संस्थेच्या हवाली झाले, तेव्हा ते सोपविण्याचा अधिकार याच नोंदवहीकडे होता.

शिक्षण आणि आर्पानेट

पोस्टेल यांचे शालेय शिक्षण लॉस एंजेलिसमधील व्हॅन नाइस हायस्कूलमध्ये झाले. इंटरनेटच्या इतिहासातील आणखी दोन मोठी नावे, व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर, याच शाळेची. पुढे हे तिघेही लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात एकत्र आले. पोस्टेल यांनी तेथून १९६६ मध्ये पदवी, १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९७४ मध्ये संगणकशास्त्रातील डॉक्टरेट मिळविली. संगणकांमधील संदेशवहनाच्या नियमांचे आलेखांच्या साहाय्याने विश्लेषण, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता.

लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत ते विद्यार्थिदशेतच काम करू लागले होते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून उभारल्या जाणाऱ्या आर्पानेट या जाळ्याचे पहिले केंद्र सप्टेंबर १९६९ मध्ये याच प्रयोगशाळेत बसविण्यात आले. तेथून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे २९ ऑक्टोबर १९६९ रोजी पहिला संदेश गेला.

डॉक्टरेटनंतर पोस्टेल यांनी काही काळ अन्य संस्थांत घालविला. मार्च १९७७ मध्ये ते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मरीना डेल रे येथील इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. लांब दाढी, पायांत चपला आणि सुटीत पाठीवर पिशवी टाकून सिएरा नेवाडाच्या डोंगरांत भटकंती, अशी त्यांची ओळख सहकाऱ्यांच्या आठवणींत आढळते.

आरएफसींचे संपादन

एप्रिल १९६९ मध्ये स्टीव्ह क्रॉकर यांनी आर्पानेटच्या कामाविषयीची टिपणे क्रमांक घालून वाटण्यास प्रारंभ केला. आपण तरुण विद्यार्थी आहोत आणि कोणाला हुकूम सोडण्याचा आपल्याला अधिकार नाही, या संकोचातून या टिपणांना मते मागविणारी विनंती अशा अर्थाचे रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स हे नाव देण्यात आले. त्याचेच संक्षिप्त रूप आरएफसी. या टिपणांचे संपादन लवकरच पोस्टेल यांच्याकडे आले आणि मृत्यूपर्यंत त्यांच्याकडेच राहिले.

हे काम वरवर कारकुनी वाटते. आलेला मसुदा वाचायचा, त्यातील संदिग्ध वाक्य लेखकाकडे परत पाठवायचे, क्रमांक द्यायचा आणि सर्वांना उपलब्ध करून द्यायचा. परंतु एका ओळीचे दोन अर्थ निघाले, तर दोन वेगवेगळ्या गावी लिहिलेल्या आज्ञावली एकमेकींशी बोलू शकत नाहीत. पोस्टेल यांचा आग्रह नेमका या ठिकाणी असे. एकदा क्रमांक दिलेले टिपण पुन्हा बदलायचे नाही, दुरुस्ती हवी असल्यास नवे टिपण काढायचे, ही या मालिकेची शिस्त आहे. त्यामुळे १९६९ पासूनची टिपणे आजही जशीच्या तशी वाचता येतात. ग्रंथसंपादनाच्या कामात रस असणाऱ्याने ही मालिका मुद्दाम चाळावी. १ एप्रिलला निघणारी थट्टेची टिपणेही तीत आहेत.

संपादनाबरोबर लेखनही चालू होते. यूडीपी (ऑगस्ट १९८०) तसेच आयपी, आयसीएमपी व टीसीपी (सप्टेंबर १९८१) या इंटरनेटच्या मूळ प्रोटोकॉलांची अधिकृत टिपणे पोस्टेल यांच्या संपादनाखाली निघाली. टीसीपीच्या टिपणात त्यांनी एक तत्त्व नमूद केले : आपण पाठवताना नियम काटेकोर पाळावेत आणि दुसऱ्याचे स्वीकारताना उदार असावे. हे पोस्टेल यांचा नियम म्हणून प्रसिद्ध आहे. चुकीच्या संदेशांना सतत सामावून घेतल्यास चुका कायमच्या रुजतात, अशी टीका या नियमावर पुढे झाली आणि ती अगदीच निराधार नाही.

आर्पानेट जुन्या प्रोटोकॉलवरून टीसीपी/आयपीवर नेण्याचा आराखडाही पोस्टेल यांनीच नोव्हेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. मुदत १ जानेवारी १९८३ ची होती. लोक टाळाटाळ करीत होते, म्हणून १९८२ मध्ये एकदा एक दिवस आणि नंतर दोन दिवस जुना प्रोटोकॉल मुद्दाम बंद ठेवून सर्वांना जाणीव करून देण्यात आली, असे व्हिंट सर्फ यांनी सांगितले आहे.

टपालाचा प्रोटोकॉल

नेटवर्कवरील ई-मेल पोस्टेल यांनी शोधला नाही. दोन संगणकांमधील ई-मेल आणि पत्त्यातील ॲट हे चिन्ह यांचे श्रेय रे टॉमलिन्सन (१९७१) यांच्याकडे जाते. मात्र त्यानंतर दहा वर्षे टपालाला स्वतःची वाट नव्हती. फाइली पाठविण्याच्या एफटीपी या प्रोटोकॉलच्या पाठीवर बसून ते जात असे. पोस्टेल यांनी सुझान स्लुइझर यांच्यासमवेत १९८० मध्ये टपालाच्या स्वतंत्र प्रोटोकॉलचा पहिला मसुदा केला. तो गुंतागुंतीचा होता. नोव्हेंबर १९८१ मध्ये त्याची सोपी आवृत्ती आली आणि ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ हे अंतिम टिपण प्रसिद्ध झाले. एसएमटीपी या नावातील पहिले अक्षर साधेपणाचे आहे आणि ते सार्थ आहे.

दोन संगणकांमधील हा संवाद माणसाला वाचता येईल अशा साध्या ओळींत होतो. स्वीकारणारा २२० हा आकडा सांगून आपण तयार असल्याचे कळवितो. पाठवणारा हेलो म्हणून आपले नाव सांगतो, मग मेल फ्रॉम ही आज्ञा देऊन प्रेषकाचा पत्ता आणि आरसीपीटी टू ही आज्ञा देऊन पत्र कोणाला हे कळवितो. एकाच पत्रासाठी अनेक प्राप्तकर्ते असतील तर ही ओळ तितक्या वेळा येते, मजकूर मात्र एकदाच जातो. त्या काळच्या मंद वाहिन्यांवर ही मोठी बचत होती. प्रत्येक पायरीला स्वीकारणाऱ्याने २५० म्हटले की पुढची पायरी. डेटा ही आज्ञा आल्यावर तो ३५४ म्हणतो, मग मजकूर सुरू होतो आणि केवळ एक टिंब असलेल्या ओळीने संपतो. मजकुरातच एखादी ओळ टिंबाने सुरू होत असेल तर काय, याचाही विचार टिपणात आहे : पाठवणाऱ्याने तेथे एक जादा टिंब घालावे, स्वीकारणाऱ्याने ते काढून टाकावे.

उत्तराच्या आकड्यांतील पहिला अंक महत्त्वाचा. २ म्हणजे काम झाले, ४ म्हणजे आत्ता जमत नाही, पुन्हा या, आणि ५ म्हणजे जमणार नाही. भाषा न कळणाऱ्या यंत्रालाही एवढ्यावरून पुढचा निर्णय घेता येतो.

या प्रोटोकॉलचा गाभा मात्र जबाबदारीत आहे. मजकूर संपल्यावर स्वीकारणाऱ्याने एकदा २५० म्हटले, की पत्र त्याच्या ताब्यात गेले. आता त्याने ते पुढे पोहोचविले पाहिजे, नाहीतर न पोहोचल्याची सूचना प्रेषकाला धाडली पाहिजे. मधल्यामध्ये गहाळ करता येणार नाही. अशी सूचनाही पोहोचली नाही तर सूचनेची सूचना, असे चक्र सुरू होऊ नये म्हणून सूचनापत्रावर परतीचा पत्ता कोरा ठेवण्याची युक्ती सुचविलेली आहे. प्रत्येक टपालयंत्रावर पोस्टमास्टर नावाची पेटी असलीच पाहिजे, असाही नियम आहे. तक्रार करायला कोणीतरी माणूस असावा, एवढाच त्याचा हेतू.

प्रेषकाने सांगितलेला पत्ता खरा आहे की नाही, हे तपासण्याची सोय आरएफसी ८२१ मध्ये नाही. जाळ्यावरील बहुतेक मंडळी एकमेकांना ओळखत होती, तेव्हा ती गरज वाटली नसावी. आश्चर्य असे, की नको असलेल्या टपालाच्या धोक्यावर सर्वांत आधी बोट ठेवणाऱ्यांत स्वतः पोस्टेल होते. नोव्हेंबर १९७५ मधील आरएफसी ७०६ मध्ये त्यांनी दाखवून दिले होते, की एखादा संगणक निष्कारण संदेशांचा मारा करू लागला तर केवळ त्याचे संदेश नाकारण्याची यजमान संगणकाला सोय नाही. सात वर्षांनी स्वतःच टपालाचे नियम लिहिताना त्यांनी ही बाजू मोकळी सोडली. त्याची किंमत जगाने १९९० च्या दशकापासून स्पॅमच्या रूपाने मोजली.

सर्व्हरवरील जावक टपाल

पोस्टेल यांच्या प्रोटोकॉलचा सर्वाधिक निमूट वापर माणसांच्या पत्रव्यवहाराबाहेर होतो. अंधेरी पूर्वेच्या एखाद्या कार्यालयातील सर्व्हर घ्या. रात्री ठरलेल्या वेळी तो विदेच्या प्रती काढतो, डिस्क भरत आली का ते पाहतो, आणि काही बिघडले तर व्यवस्थापकाला पत्र लिहितो. युनिक्स घराण्यातील संगणकांवर वेळापत्रकानुसार चालणाऱ्या कामाने काही छापले, की ते त्या कामाच्या मालकाला टपालाने पाठविण्याची प्रथा जुनीच आहे. ही वाट बंद असेल तर इशारे सर्व्हरच्याच पोटातील एका पेटीत साठत राहतात. प्रत निघणे थांबल्याचे मग डिस्क निकामी झाल्यावरच कळते.

अशा सर्व्हरला येणारे टपाल नको असते, फक्त पाठवायचे असते. म्हणून त्यावरील टपालाची आज्ञावली, सेंडमेल किंवा पोस्टफिक्स यांपैकी कोणतीही असो, केवळ १२७.०.०.१ या पत्त्यावर ऐकेल अशी ठेवतात. हा पत्ता म्हणजे संगणकाने स्वतःलाच मारलेली हाक. १२७ ने सुरू होणारे क्रमांक या कामासाठी राखल्याची नोंद जॉइस रेनॉल्ड्स व पोस्टेल यांनी काढलेल्या १९८६ च्या सूचीत आहे. बाहेर जाणारे पत्र थेट प्राप्तकर्त्याच्या दारी न नेता सेवादात्याच्या मोठ्या टपालयंत्राकडे सोपवितात. पूर्वी त्यासाठी २५ क्रमांकाचे पोर्ट चाले. स्पॅममुळे अनेक सेवादाते ते बंद ठेवतात, तेव्हा ५८७ या पोर्टवर, सांकेतिक लिपीत आणि परवलीचा शब्द देऊन पत्र स्वीकारले जाते. या ५८७ ची व्यवस्था सांगणारे टिपण डिसेंबर १९९८ मध्ये, पोस्टेल यांच्या निधनानंतर दोन महिन्यांनी निघाले.

रूट या प्रमुख खात्याच्या नावे येणारी पत्रे एखाद्या खऱ्या माणसाच्या पेटीकडे वळविणे, ही सर्वांत सोपी आणि सर्वांत विसरली जाणारी पायरी होय. त्यासाठी उपनामांच्या यादीत एक ओळ पुरते. हेलो म्हणताना सर्व्हरने आपले पूर्ण क्षेत्रनाम सांगणेही आवश्यक असते. नुसते लोकलहोस्ट म्हणणाऱ्याला आज कोणी दारात उभे करीत नाही. या क्षेत्रनामाच्या वतीने कोणकोणत्या यंत्रांनी पत्रे पाठवावीत, हे एसपीएफ नावाच्या नोंदीत जाहीर करावे लागते. १९८२ मध्ये राहून गेलेल्या तपासणीवर घातलेले हे ठिगळ आहे. समोरून ४ ने सुरू होणारे उत्तर आले तर पत्र रांगेत थांबते. सध्याच्या नियमांप्रमाणे साधारण अर्ध्या तासाच्या अंतराने पुन्हा प्रयत्न करावा आणि चार-पाच दिवस हार मानू नये. आरएफसी ८२१ ची जागा २००१ मध्ये आरएफसी २८२१ ने आणि २००८ मध्ये आरएफसी ५३२१ ने घेतली असली, तरी आज्ञा आणि आकडे तेच आहेत.

क्रमांक आणि नावे यांची नोंदवही

टपालाला २५ हाच क्रमांक का, याचे उत्तर इतकेच, की कोणीतरी तो वहीत लिहिला आणि सर्वांनी मानला. मे १९७२ मधील एका टिपणात पोस्टेल यांनी क्रमांक वाटण्यासाठी एक मुखत्यार नेमावा असे सुचविले आणि तो आपणच असावा की काय, असा प्रश्न अर्धवट थट्टेने कंसात टाकला. कोणी हरकत घेतली नाही. सुरुवातीला हे काम एका वहीत मावणारे होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याला आयाना, म्हणजे इंटरनेटच्या क्रमांकांचे अधिकारपीठ, असे भारदस्त नाव मिळाले. परंतु ते पीठ म्हणजे मुख्यतः पोस्टेल, त्यांच्या सहकारी जॉइस रेनॉल्ड्स आणि संस्थेतील मोजकी माणसे.

क्रमांकांवर भांडणे होत नाहीत, नावांवर होतात. क्षेत्रनामांची पद्धत १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी याच संस्थेत रचली, आणि ऑक्टोबर १९८४ मध्ये पोस्टेल व रेनॉल्ड्स यांनी सर्वोच्च क्षेत्रनामांची यादी जाहीर केली. देशांसाठी नवी नावे घडविण्याऐवजी त्यांनी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची दोन अक्षरी संकेतांची तयार यादी उचलली. देश कोणता आणि कोणता नाही, हे ठरविणे आपले काम नव्हे, अशी स्पष्ट भूमिका पोस्टेल यांनी मार्च १९९४ मधील आरएफसी १५९१ मध्ये मांडली. देशाच्या क्षेत्रनामाचा व्यवस्थापक हा त्याचा मालक नसून विश्वस्त आहे, हेही त्याच टिपणात आहे.

जुहू आणि डॉट इन

भारतात १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने एर्नेट हा शिक्षण व संशोधन संस्थांच्या जाळ्याचा प्रकल्प सुरू केला. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, स्वतः विभाग आणि मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, असे आठ भागीदार होते. एनसीएसटीचे कार्यालय जुहूच्या गुलमोहर मार्ग परिसरात, म्हणजे आजच्या अंधेरी तालुक्यात होते. श्रीनिवासन रमाणी हे त्याचे संचालक.

प्रारंभी जुहू आणि पवईचे आयआयटी यांच्यात साध्या दूरध्वनी तारेवरून ई-मेल जाऊ लागले. तेव्हा वापरात असलेली यूयूसीपी ही पद्धत एसएमटीपीपेक्षा वेगळी होती : एक संगणक दुसऱ्याला ठरलेल्या वेळी फोन लावी, साठलेली पत्रे देई आणि घेई. दूरध्वनीची तार मिळायलाच वर्षानुवर्षे लागत असत, त्या मुंबईतील ही गोष्ट आहे. १९८९ मध्ये एनसीएसटीपासून अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यापर्यंत सेकंदाला ९.६ किलोबिट वेगाची वाहिनी सुरू झाली. देशभरातील संशोधकांचे परदेशी टपाल या एका वाटेने ये-जा करी.

त्याच वर्षी, ८ मे १९८९ रोजी, डॉट इन हे क्षेत्रनाम नोंदले गेले आणि त्याची व्यवस्था एनसीएसटीकडे आली. या घटनेला समारंभ नव्हता. एका बाजूला मरीना डेल रे येथील छोटे कार्यालय, दुसऱ्या बाजूला जुहूतील संस्था आणि मधला व्यवहार परस्परविश्वासाचा. एर्नेट डॉट इन या शेपटीचे पत्ते पुढे भारतीय प्राध्यापकांच्या शोधनिबंधांवर दिसू लागले. एर्नेटवर आरंभी टीसीपी/आयपी आणि ओएसआय या दोन्ही प्रणाली चालत. १९९५ पासून जवळजवळ सर्व वाहतूक टीसीपी/आयपीवर आली. याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. एनसीएसटी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाले, आणि डॉट इनची नोंदणी २००५ पासून निक्सी या संस्थेकडे गेली.

१९९८ चा वाद

१९९० च्या दशकात नावांना पैशाचे मोल आले. डॉट कॉमची नोंदणी नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीकडे सरकारी कंत्राटाने होती, आणि सप्टेंबर १९९५ पासून तिने वर्षाला ५० डॉलर आकारण्यास सुरुवात केली. या मक्तेदारीला पर्याय म्हणून नवी सर्वोच्च क्षेत्रनामे निर्माण करण्याचा पोस्टेल व त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयत्न होता. अमेरिकन सरकारला तो मान्य नव्हता.

दिनांक २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी मूळ नामसर्व्हर चालविणाऱ्या बारांपैकी आठ जणांना ई-मेल पाठविला. मुख्य यादी यापुढे नेटवर्क सोल्यूशन्सच्या यंत्राऐवजी आपल्या संस्थेच्या यंत्रावरून घ्यावी, एवढीच विनंती त्यात होती. आठही जणांनी ती मानली. यादी तीच असल्याने सामान्य वापरकर्त्याला काहीही जाणवले नाही. परंतु इंटरनेटच्या नावांचा ताबा एका पत्राने हलू शकतो, हे त्या दिवशी उघड झाले. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी दूरध्वनीवरून तीव्र नापसंती कळविली आणि पोस्टेल यांनी बदल मागे घेतला. हा केवळ तांत्रिक प्रयोग होता, असे त्यांनी जाहीर केले. ते खरे की सरकारला दिलेला इशारा, यावर मतभेद आहेत. प्रयोगच असता तर वेळ इतकी नेमकी साधली नसती, असे मानण्यास जागा आहे. सरकारने दोनच दिवसांनी आपला प्रस्ताव प्रसिद्ध केला.

पुढील महिने पोस्टेल यांनी ही नोंदवही ना सरकारच्या ना एका व्यक्तीच्या हाती राहील, अशी संस्था उभारण्यात घालविले. आयकॅन ही संस्था ३० सप्टेंबर १९९८ रोजी कॅलिफोर्नियात नोंदली गेली.

मृत्यू आणि सन्मान

पोस्टेल यांच्या हृदयाची झडप १९९१ मध्ये बदलण्यात आली होती. त्याच विकारासाठी पुन्हा कराव्या लागलेल्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आयकॅनची स्थापना होऊन तेव्हा जेमतेम पंधरवडा झाला होता. व्हिंट सर्फ यांनी लिहिलेला मृत्युलेख आरएफसी २४६८ या क्रमांकाने त्याच मालिकेत समाविष्ट करण्यात आला. दोनशेहून अधिक आरएफसींवर पोस्टेल यांचे नाव लेखक किंवा सहलेखक म्हणून आहे.

इंटरनेट सोसायटीचे ते पहिले वैयक्तिक सभासद होते. या सोसायटीने १९९९ पासून त्यांच्या नावे पुरस्कार सुरू केला आणि पहिला पुरस्कार मरणोत्तर त्यांनाच दिला. २०१२ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेमच्या पहिल्याच वर्षी त्यांचा समावेश झाला. दोन वर्षांनी, २०१४ मध्ये, जुहूच्या एनसीएसटीचे श्रीनिवासन रमाणी यांचे नाव त्याच यादीत आले.